कोंबड्या तुझ्या, पण रोग वाडीचा

अगं, मानमोडीला औषध नाही. ही गोष्ट मी सगळ्यात आधी सांगते. कोंबड्या माना टाकायला लागल्या की घरातली बाई पहिल्यांदा औषधाच्या दुकानाकडे धावते, गाठीला बांधलेले दोन-तीनशे रुपये घालवते, आणि तरी दुसऱ्या दिवशी खुराडं उघडलं की आत निम्म्या कोंबड्या ताठ झालेल्या असतात. तुला गटातून तलंगा मिळाल्यात, परसात खुराडं उभं राहिलंय, अंड्यांचे पैसे कुणापुढे हात न पसरता तुझ्या हातात येणार आहेत. ते येत राहावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून आज सावकाश बोलू. चहा ठेव आणि बैस.

पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरात राणीखेत गाव आहे, तिथे 1920 च्या दशकात आपल्या देशात तो पहिल्यांदा नोंदला गेला. म्हणजे शंभर वर्षं होत आली, डॉक्टरांना तो पुरता माहीत आहे, त्याची लस आहे, तीही स्वस्त आहे. तरीसुद्धा उन्हाळ्याच्या तोंडाला एकेक वस्ती कोंबड्यांवाचून मोकळी होते. असं का होतं, हेच मला तुला समजवायचंय.

हा विषाणूचा रोग. आजारी कोंबडीच्या विष्ठेतून, नाका-तोंडाच्या पाण्यातून, श्वासातून तो बाहेर पडतो. कोंबडी पंख पाडून पेंगते, दाण्याकडे बघत नाही, तोंड उघडं टाकून घरघर करते, हिरवट पातळ हगते. अंडी एकदम कमी होतात किंवा पातळ कवचाची येतात. ज्या चार दिवस तग धरतात त्यांची मान पिळल्यासारखी वाकडी होते, पाय लुळे पडतात, गोल गोल फिरतात. लस न दिलेल्या कळपात शंभरातल्या नव्वदही जातात. पण यातलं तू नीट लक्षात ठेवायचं ते वेगळंच आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी दोनच, तर कधी पंधरासुद्धा. म्हणजे बाजारात घेताना तुरा लालभडक, डोळे चमकदार, वजन भरलेलं, आणि तरी रोग आत बसलेला. डोळ्याने पारखून घेतलेली कोंबडी निरोगी असेलच असं नाही.

आता तुझ्या वाडीत रोग कुठून येईल ते मोजू. आठवडी बाजारातून. जत्रेतून. आखाडात तर कोंबड्यांची अशी ने-आण होते की एका गावचा कोंबडा तीन गावांचं पाणी पिऊन चौथ्या गावात कापला जातो. मोटारसायकलला जाळ्या बांधून दारोदार फिरणारा व्यापारी येतो, त्याच्या जाळीत सकाळपासून दहा घरच्या कोंबड्या बसून गेलेल्या असतात, आणि तीच जाळी तुझ्या अंगणात टेकते. विकली न गेलेली कोंबडी तू बाजारातून परत आणतेस आणि सवयीने खुराड्यात सोडतेस. माहेरहून आईने प्रेमाने दिलेली कोंबडीही त्यातलीच.

म्हणून नवी आलेली किंवा बाजारातून परत आलेली प्रत्येक कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवायची. वेगळं डालगं, वेगळी पाण्याची थाळी, आणि खुराड्यापासून जमेल तितकी लांबची जागा, घराच्या दुसऱ्या अंगाला. रोज आधी आपल्या पिल्लांचं बघायचं, मग मोठ्यांचं, नव्या पाहुणीचं सगळ्यात शेवटी आणि आजारी असेल तर तिचं त्याहूनही शेवटी. मग हात साबणाने धुवायचे. खुराड्यापाशी एक जोड चप्पल कायमची ठेव, ती घालूनच आत जायचं, ती घालून दुसरीकडे कुठे जायचं नाही. व्यापाऱ्याला अंगणाच्या कडेलाच थांबव, कोंबडी तू बाहेर नेऊन दे. त्याला राग येत नाही गं, एकदा सांगितलं की कळतं.

आणखी एक वाट आहे, ती आपल्याच मोरीतून निघते. आपण बाजारातून चिकन आणतो, धुतो, आणि ते पाणी मागच्या दाराने परसात फेकतो. आतडी, पिसं उकिरड्यावर जातात. कोंबड्या तिथेच चोचा मारतात. कापलेली कोंबडी आजारी असेल तर तिच्या कच्च्या मांसातून, रक्तातून विषाणू तुझ्या कळपात शिरतो. ते पाणी खड्ड्यात ओत, वरून माती लोट. पिसं-आतडी खोल पुर. एवढ्या एका सवयीने मोठी वाट बंद होते.

पण तू कितीही जपलंस तरी तुझ्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांबरोबर एकाच उकिरड्यावर उकरतात, एकाच डबक्यातलं पाणी पितात. तुझं खुराडं आरशासारखं लख्ख असलं आणि काकूंच्या घरी मानमोडी शिरली, तर आठवड्याच्या आत ती तुझ्याकडे येणार. म्हणून मी म्हणते, कोंबड्या तुझ्या असल्या तरी रोग वाडीचा असतो. आणि त्याचा बंदोबस्तही वाडीनेच करावा लागतो.

लसीची बाटली बघ, म्हणजे तुला हे पटेल. मानमोडीच्या लसीची एक बाटली शंभर कोंबड्यांना पुरते, काही तर त्याहून जास्त. तुझ्याकडे कोंबड्या डझनभर. बाटलीतली कोरडी गोळी एकदा सोबतच्या पाण्यात विरघळवली की ती एक-दोन तासांत वापरून संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही, फ्रिजमध्येसुद्धा नाही. मग बाई म्हणते, 'बारा कोंबड्यांसाठी कशाला बाटली फोडायची?' प्रत्येक घर असंच म्हणतं आणि कुणाच्याच कोंबड्यांना लस मिळत नाही. दहा घरांनी एक दिवस ठरवला तर तीच बाटली पुरती वापरली जाते, खर्च माणशी काही रुपयांवर येतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे विषाणूला वाडीत पाय ठेवायला जागा उरत नाही.

लस कुठून आणायची? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचार. आपल्या राज्यात पुण्याला औंधमध्ये पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथे जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी तयार होतात. दवाखान्यात नसेल तर पशुऔषधांच्या दुकानात खासगी कंपन्यांची मिळते. उमेदच्या गटांमध्ये काही गावांत पशुसखी आहेत, लस टोचायचं शिकलेल्या. तुमच्याकडे असेल तर तिला धर, तिची मजुरी आनंदाने दे.

आता क्रम सांगते, लिहून घे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा किंवा एफ जातीची लस, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्याच्या आसपास लासोटा पुन्हा. आठ आठवडे उलटून गेल्यावर आर-टू-बी, हे अर्ध्या मिलीचं इंजेक्शन पंखाखाली कातडीत. ही लस जोरकस असते, लहान पिल्लांना ती कधीही टोचू द्यायची नाही. पुढे दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून पुन्हा. सुधारित जातीच्या पक्ष्यांना दोन आठवड्यांच्या सुमाराला गंबोरो या दुसऱ्या रोगाची लसही देतात, आणि सहा-सात आठवड्यांना देवीची, पंखाच्या पातळ कातडीत टोचून. गटातून किंवा योजनेतून पक्षी घेशील तेव्हा देणाऱ्याला तिथल्या तिथे विचार, 'यांना कुठल्या लसी कुठल्या तारखेला दिल्यात?' उत्तर वहीत लिही. नुसतं 'सगळं झालंय ताई' यावर समाधान मानू नकोस.

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवणार असशील तर आणखी एक चांगली गोष्ट ऐक. आईला वेळेवर लस दिलेली असेल तर तिची ताकद अंड्यातल्या बलकातून पिल्लाला मिळते आणि पहिले काही दिवस त्याला सांभाळते. ती ताकद हळूहळू ओसरते, तोवर पिल्लाची स्वतःची लस झालेली हवी.

लस फुकट जाण्याची कारणंही सांगते, कारण पुष्कळ बाया म्हणतात, 'टोचलं तरी मेल्या.' लस जिवंत असते. दुकानापासून घरापर्यंत ती बर्फातच यायला हवी. थर्मासमध्ये बर्फ घाल, त्यात बाटली ठेव. उन्हात सायकलच्या पिशवीतून आलेली लस मेलेली असते, ती टोचून उपयोग नाही. पिण्याच्या पाण्यातून देणार असाल तर विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकली आहे का ते ग्रामपंचायतीत विचार. टीसीएलच्या पाण्यात लस जगत नाही. त्या दिवशी साधं पाणी वापरायचं, त्यात लिटरला चमचाभर साय काढलेली दूध पावडर विरघळवायची, भांडं नुसत्या पाण्याने धुवायचं. कोंबड्यांना आधी तास-दोन तास पाणी द्यायचं नाही, म्हणजे त्या तहानेने लगेच पितील. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची; खुराडं उघडायच्या आधी पोचलं की एकही निसटत नाही. जंताचं औषध लसीच्या आठवडाभर आधी देऊन घे, कारण जंतांनी पोखरलेल्या कोंबडीला लस नीट लागत नाही. आजारी कोंबडीला टोचायचं नाही. आणि लस अंगी लागायला दहा-पंधरा दिवस जातात, म्हणून रोग शेजारच्या गावात आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो. टोचल्यावर एक-दोन दिवस कोंबडी मलूल राहील, अंडं चुकवेल. घाबरू नकोस.

मानमोडीवर एवढं बोलले, कारण परसातल्या कळपाला तीच मुळासकट उपटते. बाकीचे रोग ओळखायला शीक, पण त्यांची धास्ती घेऊ नकोस.

पावसाळ्यात तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं पेंगायला लागली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर ती रक्ती हगवण. ती ओलाव्यातून येते. विष्ठेतून पडलेली सूक्ष्म अंडी ओल्या, उबदार जागेत एक-दोन दिवसांत रोग देण्याइतकी पक्व होतात. म्हणून खुराड्यातलं भाताचं तूस रोज हलव, ओलं झालेलं त्याच दिवशी काढ, पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेव म्हणजे सांडून चिखल होणार नाही. या रोगाला औषध आहे आणि ते लागू पडतं, पण डॉक्टरांकडून आणि लवकर.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला खपल्या धरलेले फोड दिसले तर देवी. ती डासांमुळे पसरते. खपल्या ओढून काढू नकोस, डॉक्टर सांगतील ते मलम लाव, परसातली डबकी बुजव. तोंडात, घशात पांढरट-पिवळा थर दिसला तर वाट बघू नकोस, त्यात कोंबडीला खाता येत नाही आणि श्वास कोंडतो.

कोंबडी दिवसेंदिवस वाळते, तुरा फिकट पडतो, रात्री खुराड्यात जायला नको म्हणते, तेव्हा बॅटरी घेऊन रात्रीच खुराड्याच्या फटी बघ. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या भेगांत लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. दिवसा कोंबडीचे पंख उलटून पाहिलेस तर काहीच सापडत नाही, म्हणून बाया वर्षानुवर्षं फसतात. खुराडं रिकामं करून उकळतं पाणी ओत, वाळल्यावर प्रत्येक फट चुन्याने भरून काढ. परसाच्या एका कोपऱ्यात कोरड्या मातीत राख मिसळून ठेव; कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा बऱ्याच कमी होतात.

आता एक नाजूक गोष्ट. दुकानदार तुला 'हे पाण्यातून द्या' म्हणून प्रतिजैविकाची पुडी देईल. मानमोडीसारख्या विषाणूच्या रोगावर प्रतिजैविक चालत नाही. आणि चालतं अशा रोगातही डॉक्टरांशिवाय, अर्धवट दिलं तर जंतू निगरगट्ट होतात, उद्या तेच आपल्या लेकरांना होतील आणि औषध लागणार नाही. कोलिस्टिन नावाचं औषध माणसांसाठी शेवटचा आधार आहे, म्हणून 2019 मध्ये केंद्र सरकारने ते कोंबड्या-जनावरांना देण्यावर बंदी घातली. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी ना विकायची, ना मुलांना द्यायची. लसूण, हळद कोंबडीला घालायची असेल तर घाल, पण त्यांच्या भरवशावर लस चुकवू नकोस.

बर्ड फ्लूचं नाव काढलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून तेही नीट समजून घे. आपल्या देशात तो पहिल्यांदा जाहीर झाला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. पुढे 2021 मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला आला, 2025 च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला घरगुती कोंबड्यांत सापडला. मोठ्या फार्मचाच हा रोग आहे असं समजू नकोस. कोंबड्या पटापट मरतात, डोकं सुजतं, तुरा निळा-जांभळा पडतो, पायांवर रक्ताळलेले डाग दिसतात. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. नमुने तपासणीला जातात, बर्ड फ्लूचा शेवटचा निकाल भोपाळच्या प्रयोगशाळेतून येतो. म्हणून एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा गावात कावळे, बगळे मरून पडलेले दिसले, तर कशालाही उघड्या हाताने शिवायचं नाही, मुलांना लांब ठेवायचं, आणि दवाखान्याला किंवा फिरत्या पथकाच्या 1962 या क्रमांकाला फोन करायचा.

'कळवलं तर सगळ्या कोंबड्या नेऊन मारतील' ही भीती मला कळते. बर्ड फ्लू ठरला तर आसपासच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या सरकार नष्ट करतं, हे खरं आहे. पण त्यांची भरपाई मिळते. तोवर आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. लपवून ठेवलेल्या प्रत्येक दिवसाचा तोटा तुझाच होतो, आणि घरातल्या माणसांना धोका होतो तो वेगळाच. नीट शिजवलेलं चिकन, उकडलेलं अंडं यांची भीती नाही, 70 अंशांवर तो विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी कोंबडी हाताळण्यात, सोलण्यात, धुण्यात.

शेवटी ज्या दिवशी तुझी पहिली कोंबडी अचानक मरेल, त्या दिवसाचं सांगते. बाकीच्या कोंबड्या त्या क्षणी बाहेर सोडायच्या बंद. मेलेलीला उघड्या हाताने न शिवता दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांध, डॉक्टरांना फोन करून लक्षणं सांग. त्यांनी आणायला सांगितलं तर बर्फ घालून त्याच दिवशी ने, ते शवविच्छेदन करून पुष्कळ सांगू शकतात. नको म्हणाले तर ते सांगतील तसं कर. पुरायची झाली तर तीन फूट खड्डा, वर चुना, वर माती. ओढ्यात, उकिरड्यावर, रानात फेकायची नाही. कुत्री आणि कावळे ती दुसऱ्या वस्तीवर नेतात.

आणि त्या दिवशी उरलेल्या कोंबड्या विकायच्या नाहीत. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. सासूबाई म्हणतील, 'मरायच्या आत चार पैसे करून घे.' त्यात त्यांचं वाईट मन नसतं, आयुष्यभर त्यांनी असंच नुकसान वाचवलंय. पण मानमोडी एका गावातून दुसऱ्या गावात जाते ती बरीचशी याच घाईच्या विक्रीतून. तू विकलेली कोंबडी तुझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाच्या तरी खुराड्यात जाते, आणि पुढच्या वर्षी तिने घाईत विकलेली तुझ्याकडे येते. कुणीतरी एकीने थांबायला हवं. सासूबाईंना शांतपणे हेच सांग, त्यांना तुझ्याइतकंच कळतं.

म्हणून गटाच्या येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की उठू नकोस. वहीचं एक पान काढ, वाडीतल्या प्रत्येक घराचं नाव लिही, पुढे कोंबड्या किती आणि पिल्लं किती. गटात नसलेल्या घरांचीही नावं घे, कारण त्यांच्या कोंबड्या तुझ्याच उकिरड्यावर येतात. ज्या म्हाताऱ्या आजीकडे दोनच कोंबड्या आहेत आणि पैसे नाहीत, तिच्या दोन कोंबड्यांचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्या. तिच्या त्या दोन राहिल्या तर सगळ्यांचं टोचणं कच्चं राहतं. बेरीज करून दवाखान्यात जा आणि तारीख मागून घे, शिमग्याच्या आधीची एक आणि आखाड लागायच्या आधीची एक. तारीख मिळाली की मला कळव. बर्फाचा थर्मास मी पाठवते.